निःशस्त्र लढ्याची कवायत : डॉ. ना. सु. हर्डीकर

असहकार आंदोलनाच्या हाकेसरशी १९२०-२१ मध्ये हजारो तरुणांनी शाळा-महाविद्यालये सोडली, परंतु त्यांना वर्षभर शिस्तीने कामात गुंतवून ठेवील अशी कोणतीही यंत्रणा काँग्रेसजवळ नव्हती. अधिवेशन जवळ आले की स्वयंसेवक गोळा करावेत आणि मंडप उतरला की ते पांगावेत, अशीच तोवरची रीत होती. ही उणीव भरून काढणाऱ्या हिंदुस्तानी सेवा दलाचे संस्थापक डॉ. नारायण सुब्बाराव हर्डीकर आज महाराष्ट्रात फारसे कोणाला आठवत नाहीत.

धारवाड येथे ७ मे १८८९ रोजी जन्मलेल्या हर्डीकरांवर टिळकांच्या राजकारणाचा संस्कार झाला. कलकत्त्यात वैद्यकाचे शिक्षण घेऊन ते अमेरिकेस गेले, मिशिगन विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य हा विषय शिकले आणि पुढे न्यूयॉर्कमध्ये लाला लजपतराय यांनी काढलेल्या इंडियन होमरूल लीगच्या कामात पडले. १९२१ मध्ये परतल्यावर त्यांनी हुबळी हे आपले कार्यक्षेत्र केले.

कलाटणी मिळाली ती १९२३ च्या नागपूर झेंडा सत्याग्रहात. तिरंगा घेऊन मिरवणूक काढण्यास सरकारने केलेली मनाई मोडण्यासाठी देशभरातून तुकड्या येत होत्या आणि तुरुंगात जात होत्या. तुरुंगातील हालांना कंटाळून अनेकांनी माफी लिहून दिली. हर्डीकर आणि त्यांच्या हुबळीच्या साथीदारांनी मात्र ती दिली नाही. उत्साह कितीही असला तरी तालमीवाचून तो टिकत नाही, हा यातला धडा काँग्रेसच्या पुढाऱ्यांनाही पटला, आणि त्याच वर्षअखेरीस काकिनाडा अधिवेशनाच्या वेळी हिंदुस्तानी सेवा दल स्थापन होऊन त्याचे अध्यक्षपद जवाहरलाल नेहरूंकडे आले. संघटनेचा रोजचा गाडा ओढला तो मात्र हर्डीकरांनीच.

दलाची घडण लष्करी वळणाची होती: खादीचा गणवेश, कवायत, प्रशिक्षण शिबिरे, आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी ध्वजवंदन. अहिंसेचे व्रत घेतलेल्या पक्षात असले सैनिकी रूप कशाला, असा आक्षेप पक्षातूनच आला, आणि तो अगदीच निराधार म्हणता येत नाही, कारण गणवेशाला आज्ञा देण्याची आणि पाळण्याची सवय जडते व ती सवय पुढे कोणाच्या कामी येईल हे कवायत ठरवीत नाही. हर्डीकरांची बाजू अशी मांडता येईल की लाठी उगारण्यापेक्षा ती सोसताना रांग न मोडणे अधिक कठीण, आणि म्हणून निःशस्त्र माणसालाच शिस्तीची गरज जास्त. १९३० च्या सत्याग्रहातील लाठीमार पाहता ही बाजू वजनदार ठरते.

गांधीजींच्या अध्यक्षतेखालील १९२४ च्या बेळगाव अधिवेशनात दलाची पहिली मोठी कसोटी लागली. तेथील व्यवस्थेसाठी उमाबाई कुंदापूर आणि कमलादेवी चट्टोपाध्याय यांनी दीडशेहून अधिक स्त्रिया स्वयंसेविका म्हणून उभ्या केल्या. त्यांत विधवाही होत्या, आणि त्या काळातील घरांची रीत लक्षात घेता ही गोष्ट ठरावांपेक्षा मोठी मानावी लागते.

१९३१ मध्ये काँग्रेसने दल आपल्या थेट अधिपत्याखाली घेतले, तेव्हा हर्डीकरांच्या संस्थेचे स्वतंत्र अस्तित्व संपुष्टात आले. पुढच्याच वर्षी सरकारने काँग्रेसबरोबर दलावरही बंदी घातली. काँग्रेसवरील बंदी नंतर उठली, दलावरील मात्र कायम राहिली. सरकारला कोणाची धास्ती अधिक वाटत होती, हे यावरून ताडता येते. पुण्यात १९४१ मध्ये एस. एम. जोशी आदींनी उभे केलेले, आणि साने गुरुजींमुळे घरोघर पोचलेले राष्ट्र सेवा दल ही याच परंपरेतील, पण समाजवादी वळणाची निराळी संघटना होय. नामसाम्यामुळे दोहोंत गल्लत होते.

हर्डीकर पुढे घटप्रभा येथील कर्नाटक आरोग्यधामाच्या कामात रमले, १९५२ ते १९६२ या काळात राज्यसभेचे सदस्य होते, आणि २६ ऑगस्ट १९७५ रोजी निवर्तले.