मनात उर्दू, वहीत इंग्रजी

खडवलीची एक विद्यार्थिनी निबंधात लिहिते, "माझा घर भातसा नदीजवळ आहे. नदीचा पाणी थंड असतो." वाचणारा हसेल. पण या चुकीला कारण आहे. उर्दूत 'घर' आणि 'पानी' हे दोन्ही शब्द पुल्लिंगी आहेत. उर्दूत लिंगे दोनच. मराठीत नपुंसकलिंग हे तिसरे. मुलीने वाक्य मनात उर्दूत जुळवले, वहीत शब्द मराठी उतरवले, पण लिंग मात्र उर्दूचेच राहिले.

इंग्रजी लिहितानाही असेच होते. "मैं पाँच साल से यहाँ रहता हूँ" यातला 'से' मनात असतो, म्हणून आपण लिहितो, "आय अॅम लिव्हिंग हिअर फ्रॉम फाइव्ह इयर्स." हवे असते, "आय हॅव लिव्ह्ड हिअर फॉर फाइव्ह इयर्स." गंमत अशी, की मराठी शाळेतला मुलगाही 'फ्रॉम'च लिहितो. त्याच्या मनात 'पाच वर्षांपासून' असते! "बत्ती बंद करो" या वाक्याचे "क्लोज द लाइट" होते. 'अ' आणि 'द' ही उपपदे तर हमखास गळतात, कारण तशी उपपदे ना उर्दूत आहेत, ना मराठीत.

स्पेलिंगमध्येही मातृभाषा डोकावते. उर्दूत 'स्टेशन' हा शब्द अलिफ घालून 'इस्टेशन' असा लिहितात. त्यामुळे इंग्रजीत 'एस'च्या आधी एक जादा अक्षर येऊन बसते. मराठीतला 'ळ' उर्दूत नाही. म्हणून 'शाळा'ची 'शाला' होते.

मग मातृभाषा शत्रू आहे काय? मुळीच नाही. "मैं किताब पढ़ता हूँ" आणि "मी पुस्तक वाचतो" ही वाक्ये शेजारी ठेवून पाहा. क्रियापद दोन्हीकडे शेवटी. इंग्रजीत मात्र ते मध्ये येते: "आय रीड अ बुक." म्हणजे मराठीची वाक्यरचना आपल्याला अर्धी आधीच येते. शिवाय दुकान, बाजार, तारीख, जमीन, कागद असे कितीतरी शब्द फारसी-अरबीतून मराठीत आलेले आहेत. फक्त अर्थ तपासून घ्यावा. उर्दूत 'तालीम' म्हणजे शिक्षण. मराठीत पैलवानांची व्यायामशाळा किंवा नाटकाचा सराव. उर्दूत 'शिकस्त' म्हणजे पराभव. मराठीत 'प्रयत्नांची शिकस्त' म्हणजे प्रयत्नांची कमाल. "लोकलचा डबा खाली आहे" असे लिहिलेत, तर मराठी वाचक डबा कशाच्या खाली आहे, ते शोधत बसेल. तेथे 'रिकामा' हवे.

ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ पिट कॉर्डर यांनी १९६७ साली एका लेखात दाखवले, की विद्यार्थ्याच्या चुकांवरून तो किती शिकला आहे हे शिक्षकाला कळते. अमेरिकेतील लॅरी सेलिंकर यांनी १९७२ साली सांगितले, की शिकणाऱ्याची स्वतःची एक मधली भाषा असते. ती पूर्ण मातृभाषा नसते आणि पूर्ण परभाषाही नसते. प्रत्येक चूक काही मातृभाषेची नसते, हेही खरे. 'गो'चे भूतकाळी रूप 'गोएड' असे इंग्रजांची लहान मुलेसुद्धा करतात. नियम शिकल्याचीच ती खूण!

महाराष्ट्रात अनेक पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमालेवर इंग्रजी शिकल्या. मराठी वाक्य घ्यायचे आणि त्याचे इंग्रजी करायचे, ही तिची रीत. मातृभाषेचा आधार तेथे उघडपणे घेतला जाई. आपली मुले तो चोरून घेतात आणि चुकेल या भीतीने गाइडमधला निबंध पाठ करतात. माझ्या मते हे नुकसान चुकांपेक्षा मोठे आहे. पाठ केलेल्या निबंधात एकही चूक नसते, पण नोकरीचा अर्ज लिहायची वेळ आली, की लेखणी अडते.

त्यापेक्षा विचार खुशाल उर्दूत करा आणि निबंध स्वतः लिहा. मग तो तीनदा वाचा. इंग्रजी असेल तर एकदा केवळ क्रियापदाच्या जागेसाठी, एकदा 'अ' आणि 'द' यांसाठी, आणि एकदा 'से'च्या जागी आलेल्या प्रत्येक 'फ्रॉम'साठी. मराठी असेल तर आधी लिंग पाहा, मग 'ळ'.