एका युनिटात किती गोण्या?

पन्नास किलोची धान्याची गोणी एक मजला, म्हणजे तीन मीटर, वर चढवायची. मग दुसरी, मग तिसरी. अशा जवळपास 2,450 गोण्या वर पोचल्या की जेवढं काम होतं, तेवढं काम विजेच्या एका युनिटात दडलेलं असतं. हमालाच्या स्वतःच्या शरीराचं वजन यात धरलेलंच नाही. आणि हे युनिट घरात येतं ते वडापावच्या आतबाहेरच्या किमतीत!

उलट्या बाजूनेही पाहता येतं. कोयनेचं पाणी शिवाजीसागरातून निघून सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पोफळीकडे सुमारे पावणेपाचशे मीटर खाली झेपावतं. गच्चीवरच्या टाकीत मावेल एवढं, हजार लिटर पाणी या उंचीवरून कोसळलं तरी हाती येते सव्वा युनिटाच्या आतलीच वीज. डोंगर पोखरायचा, अख्खी टाकी रिकामी करायची आणि मिळणार एवढंच.

इतकी ताकद हाताशी असताना महिनाअखेर बिल पाहून घाम का फुटतो? कारण आपण या विजेने गोण्या उचलत नाही, पाणी तापवतो. पाण्याइतका उष्णतेचा खादाड पदार्थ घरात दुसरा नाही. वीस लिटरची बादली 20 अंशांवरून अंघोळीच्या 45 अंशांवर न्यायला 0.58 युनिट लागतं, गीझरच्या अंगातून निसटणारी उष्णता वेगळी. तेवढ्याच विजेवर नऊ वॅटचा एलईडी दिवा चौसष्ट तास जळेल. चार माणसांच्या घरात रोज चार बादल्या धरल्या तर महिन्याला सत्तर युनिट नुसत्या मोरीत वाहून जातात. आणि आपण मात्र खोलीतून बाहेर पडताना दिवा विसरणाऱ्या पोरांवर ओरडतो! ओरडणं चूक नाही, पण खरा चोर न्हाणीघरात बसलाय.

स्वयंपाकघरातली गंमत तर याहून मोठी. लिटरभर पाणी 20 अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या साडेसहा पटींहून अधिक उष्णता त्याच उकळत्या पाण्याची पूर्ण वाफ करायला लागते. शिवाय एकदा उकळी फुटली की खालची आच कितीही वाढवा, उघड्या पातेल्यातलं पाणी 100 अंशांच्या वर जात नाही. (पुण्याच्या उंचीवर तर ते 98च्या आसपासच थांबतं.) डाळीला कळतं ते फक्त तापमान, ज्योत केवढी आहे हे तिला कळत नाही. म्हणजे भडकलेल्या गॅसवर खदखदणारं उघडं पातेलं डाळ लवकर शिजवत नाही. सिलिंडरचे पैसे वाफेच्या रूपाने खिडकीबाहेर सोडत राहतं. झाकण ठेवून आच बारीक करणाऱ्या आज्यांनी हे गणित पाटी-पेन्सिलीशिवाय सोडवलं होतं. कुकर एक पायरी पुढचा: वाफ कोंडून, दाब वाढवून तो आतलं पाणी 120 अंशांच्या आसपास नेतो. शिट्टी ही त्याची बाहेर सांडलेली कमाई, म्हणून पहिली झाली की आच कमी करावी.

हीच खर्चिक वाफ उन्हाळ्यात मात्र आपल्या बाजूने राबते. माठाच्या अंगातून पाझरलेलं पाणी हवेत उडतं, तेव्हा उडण्यासाठी लागणारी उष्णता ते माठाकडून आणि आतल्या पाण्याकडून वसूल करतं. एक लिटर पाणी उडालं की 0.6 युनिटाहून जास्त उष्णता गायब, आणि मीटरचा आकडा ढिम्म. नागपूर-अकोल्याकडचा कूलर म्हणजे या माठाला पंखा जोडलेला. तासाला पाच लिटर पाणी उडवणारा कूलर हवेतून तीन युनिटांहून जास्त उष्णता खेचतो. पंखा आणि पंप यांना विजेचा जेमतेम घोट पुरतो. मुंबईकराने मात्र त्याच्या नादी लागू नये. तिथली हवा आधीच ओलीचिंब, ती आणखी पाणी घेणार कुठून?

मग उरतो एसी. तो थंडी तयार करत नाही, घरातली उष्णता उचलून बाहेर फेकतो, म्हणजे हाही हमालच. दीड टनाचा एसी पूर्ण ताकदीने चालला तर दिवसभरात साधारण 1,360 किलो बर्फ वितळताना शोषेल इतकी उष्णता उपसतो. चढण जितकी उभी तितकी मजुरी जास्त: बाहेर 40 आणि आत 18 मागितले तर तो धापा टाकणारच. एकेक अंश वर नेला तर सुमारे 6 टक्के वीज वाचते, असं केंद्राचा ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. नव्या एसींत सुरुवातीलाच 24 अंश लावून द्यायची सक्ती जानेवारी 2020पासून आहे, ती यासाठीच.

छताचा पंखा खोली थंड करतच नाही, हेही सांगायला हवं. उलट आपल्या मोटारीची उष्णता तो खोलीतच सोडतो. गार वाटतं ते घाम उडतो म्हणून; त्याच्या वाऱ्याखाली आपणच माठ झालेले असतो. जुना पंखा 75 वॅट खातो, नवा बीएलडीसी तीसच्या आसपास. रोज पंधरा तास फिरला तर एका पंख्यामागे महिन्याला वीस युनिट वाचतात, तीन पंख्यांमागे साठ.

या साठांची किंमत सरासरी दराने काढू नये. महावितरणच्या घरगुती बिलात वीज आकार पायऱ्यांनी चढतो: पहिली शंभर युनिट, मग तीनशेपर्यंत, मग पाचशेपर्यंत, मग त्यापुढची. शिवाय वहन आकार, इंधन समायोजन आणि वर 16 टक्के वीज शुल्क. महिन्याला 340 युनिट वापरणाऱ्या घरातून साठ वजा झाली, तर त्यातली पहिली चाळीस त्या घराच्या सगळ्यात महागड्या पायरीवरची असतात.