पाणी उकळले तर किरणोत्सार जातो का?

"सर, पाणी उकळून घेतले तर किरणोत्सार जातो का?" आठवीच्या वर्गात एका मुलीने विचारले. घरात कुणी आजारी पडले की तिची अम्मी पाणी उकळते, त्यामुळे प्रश्न रास्तच होता. उत्तर मात्र 'नाही' असे आहे. उकळल्याने जंतू मरतात. पण सीझियम, युरेनियम हे धातू आहेत. पाण्याची वाफ उडून जाते, धातू मागे राहतात आणि उरलेल्या पाण्यात त्यांचे प्रमाण उलट वाढते.

११ मार्च २०११ च्या भूकंप व त्सुनामीनंतर जपानमध्ये फुकुशिमाच्या अणुभट्ट्यांतील इंधन वितळले. ते थंड ठेवण्यासाठी ओतलेले पाणी दूषित झाले आणि साठवायला हजाराहून अधिक टाक्या उभाराव्या लागल्या. अशा पाण्यातून धातू वेचायचे कसे?

एक वाट आपल्या मुलांच्या कंपासपेटीतून जाते. पेन्सिलीतले ग्राफाइट म्हणजे कार्बनचे एकावर एक रचलेले थर. त्यातला एकच अणू जाडीचा थर म्हणजे ग्राफीन. त्याला ऑक्सिजनची जोड मिळाली की ग्राफीन ऑक्साइड तयार होते. हे पाण्यात सहज मिसळते. त्याच्या पृष्ठभागावर ऋण भार असतो, तर पाण्यात विरघळलेल्या धातूंच्या आयनांवर बहुधा धन भार. दोघे एकमेकांना चिकटतात, त्यांच्या गुठळ्या होतात आणि त्या गाळून काढता येतात.

अमेरिकेतील राइस विद्यापीठाचे जेम्स टूर आणि मॉस्को राज्य विद्यापीठाचे स्टेपान काल्मिकोव्ह यांच्या गटांनी हे प्रयोगशाळेत तपासले. २०१३ साली जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार युरेनियम, प्लुटोनियमसारखे धातू पकडण्यात ग्राफीन ऑक्साइड बेंटोनाइट माती व दाणेदार सक्रिय कोळशापेक्षा सरस ठरले.

तरीही दोन गोष्टी विसरू नयेत. ट्रिटियम हा धातू नव्हे, हायड्रोजनच आहे. तो पाण्याच्या रेणूतच बसलेला असल्याने असा गाळता येत नाही. आणि पकडलेला धातू किरणोत्सारीच राहतो. सीझियम-१३७ निम्मे व्हायला सुमारे ३० वर्षे लागतात, त्यातले निम्मे व्हायला आणखी ३०. गाळण्याने विष संपत नाही. टाकीभर पाण्यातले मूठभर गाळात येते, एवढेच. पण मूठभर गाळ बंदोबस्तात ठेवता येतो, टाक्यांचे रान नाही.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी म्हणाली, "म्हणजे सर, तो गाळ आमच्या नातवंडांनाही सांभाळावा लागणार." धडा तिला पुरता कळला होता.