स्वस्त खाणावळी हव्यात, पण जागा कोठे?

महानगराचे वैभव उत्तुंग इमारतींवरून मोजण्याची सवय आपल्याला जडली आहे. वस्तुतः नवख्या माणसास तेथे किती थोड्या पैशांत पोटभर जेवता येते, हीच खरी कसोटी होय. या कसोटीस मुंबई दीर्घकाळ उतरली. धोबीतलावच्या 'कयानी'त १९०४ पासून ब्रून-मस्का व चहा मिळत आला आहे. माटुंगा स्थानकाजवळ रामा नायक यांनी १९४२ साली उघडलेल्या भोजनालयात केळीच्या पानावर पंगत बसू लागली. गिरणगावात तर स्त्रियांनी घरातच खाणावळी चालवून एकट्या कामगारांना जगविले. या स्त्रियांना सावकारी पाशातून सोडविण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले.

मात्र १९८२ च्या संपानंतर गिरणगाव ओसरला, खाणावळीही ओसरल्या. धोबीतलावचेच 'बास्तानी' २००४ साली बंद झाले. एका कपावर तासभर बसू देणारे संगमरवरी मेज वाढत्या भाड्याशी झुंजणार तरी कसे?

शासनाने १९९५ साली एक रुपयात झुणका-भाकर आणि २०२० साली दहा रुपयांत शिवभोजन थाळी देऊ केली. हेतू स्तुत्य, परंतु अनुदानावरचे ताट तिजोरीच्या लहरीवर अवलंबून असते. खाणावळवालीस भिक्षा नको, परवडणारा गाळा हवा. पुनर्विकासात वाहनांसाठी मजलेच्या मजले राखले जातात. मग चार मेजांची एक खाणावळ तेथे का मावू नये?