जिताडा : ओळख, गळ आणि जीवनक्रम

इंग्रजीत ‘बास’ म्हणविले जाणारे सर्व मासे एका कुळातील नव्हेत. अमेरिकेतील गोड्या तळ्यांतला बास निराळा आणि कोकणच्या खाड्यांतला ‘आशियाई सागरी बास’ निराळा. हा दुसरा म्हणजे रायगडचा जिताडा. गोमंतकात व त्याला लागून असलेल्या दक्षिण कोकणात त्यास चोणक म्हणतात, तर बंगालात भेटकी. नाव प्रदेशागणिक बदलते. म्हणून ओळख देहलक्षणांवरूनच पटवावी लागते.

ब्लॉखने १७९० मध्ये या माशास ‘कॅल्कॅरिफर’, म्हणजे ‘आर धारण करणारा’, हे नाव दिले. कल्ल्याच्या झाकणावरील टणक काटा पाहिला की हे नाव ध्यानात राहते. कपाळ खोलगट, जबडा डोळ्याच्याही मागे गेलेला आणि शेपटी गोलाकार, ही याची मुख्य लक्षणे होत. खाडीतच मिळणाऱ्या तांबोशीशी त्याची गल्लत होऊ शकते. परंतु तांबोशीस सुळ्यांसारखे दात असतात, तर जिताड्याचे दात बारीक, खरखरीत ब्रशासारखे असतात.

मालवण तालुक्यातील कर्ली आणि कालावल यांसारख्या खाड्यांत कांदळाची मुळे व खडक हे अशा दबा धरून शिकार करणाऱ्या माशाचे आश्रयस्थान होय. पाणी फिरते त्या वेळी, विशेषतः पहाटे व सायंकाळी, गरीला जिवंत कोळंबी किंवा लहान शेवटा लावून ती मुळांच्या कडेने सोडावी. गरीजवळची दोरी जाड असावी, कारण खरखरीत जबड्याने व कल्ल्याच्या धारेने बारीक दोरी तुटते. पकडलेल्या माशाच्या कल्ल्यात बोटे घालू नयेत.

गोड्या पाण्यात वाढलेला जिताडा प्रजननासाठी खाडीमुखाच्या खाऱ्या पाण्यात उतरतो. शिवाय तो आधी नर असतो व बहुधा वयाच्या सहाव्या ते आठव्या वर्षाच्या सुमारास मादी होतो. म्हणजे सर्वांत मोठे मासे जवळजवळ सर्व माद्याच असतात. पावसाळ्याच्या सुमारास खाडीमुखाशी मोठा मासा धरणे म्हणजे पुढील पिढीचे बीजच काढून घेणे होय. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात सामान्यतः ५८ सेंमी.हून लहान आणि १२० सेंमी.हून मोठा जिताडा ठेवण्यास मनाई आहे, ती याच विचाराने.

चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेने १९९७ मध्ये या माशाचे बंदिस्त प्रजनन साधल्यापासून तळ्यांसाठी बीज निर्माण करता येऊ लागले. नदीतला जिताडा मात्र दोनच गोष्टींवर टिकतो : मोठ्या माद्या आणि खाडीपासून नदीपर्यंतची मोकळी वाट. बांध घालून ही वाट अडविली, तर गरी कितीही कौशल्याने टाकली तरी ती रिकामीच वर येईल.