दरबारी दिवस, लेखांक ५ : भीमाकाठची चौकी

गेल्या आठवड्यात आपण मिंग काळातल्या बीजिंगमध्ये होतो. राजवाड्याच्या दक्षिण दरवाज्यापुढे पहाटेच्या अंधारात ताटकळणारे अधिकारी पाहिले. कोण खोकला, कोणाचा पाय अडखळला, हे टिपून घेणारे तपासनीसही पाहिले. गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावायची रीत वाचून आपल्याकडे असलं काही नव्हतं, असं कोणाला वाटलं असेल तर त्याने कुरकुंभच्या चौकातून दौंडकडे वळावं, भीमा ओलांडावी आणि काठाकाठाने पूर्वेला पेडगाव गाठावं.

श्रीगोंदा तालुक्यातला हा पेडगावचा किल्ला म्हणजे बहादूरगड. बहादूरखान कोकलताश या मोगल सरदाराच्या नावावरून हे नाव पडलं. आता त्याला धर्मवीरगडही म्हणतात. १६८९च्या फेब्रुवारीत इथे खुद्द औरंगजेबाचा तळ होता. मोगलांचा दरबार एका शहराला बांधलेला नसे. बादशहाचा डेरा पडेल तिथे दरबार, तिथेच दफ्तर आणि तिथेच टांकसाळीपासून तोफखान्यापर्यंत सगळं. त्या दिवसांत हिंदुस्थानचा कारभार भीमेच्या काठावरून चालला होता.

डेरा म्हणजे चार तंबू, अशी कल्पना करू नका. ‘आईने अकबरी’त अबुल फजलने अकबराच्या काळातला हिशेब दिला आहे. एका मुक्कामाचं सामान हलवायला १०० हत्ती, ५०० उंट आणि ४०० गाडे लागत, आणि तंबू ठोकायला १,००० फराश. शाही तंबूंचा संच दुहेरी असे. बादशहा एका मुक्कामी असताना दुसरा संच, म्हणजे पेशखाना, पुढच्या मुक्कामी उभा राहत असे. मधोमध गुलालबार, म्हणजे लाल कनातींनी वेढलेला शाही भाग. रात्री उंच खांबावर आकाशदिवा टांगत, म्हणजे अंधारात वाट चुकलेल्याला छावणी सापडावी.

आता मनसबदाराचा, म्हणजे दर्जा ठरवून दिलेल्या शाही सरदाराचा दिवस. १६६०च्या दशकात दिल्लीत राहिलेला फ्रेंच वैद्य बर्निये लिहितो की उमरावांनी दिवसातून दोनदा, सकाळी दहा-अकराच्या सुमाराला आणि संध्याकाळी सहाला, बादशहापुढे हजर राहायचं. नाहीतर पगारातून कपात. शिवाय आठवड्यातून एकदा चोवीस तासांची चौकी, म्हणजे पहारा. अबुल फजलने तर दंडही नोंदवला आहे : सबळ कारणाशिवाय चौकी चुकवली तर आठवड्याचा पगार गेला. कुरकुंभ एमआयडीसीत पाळी बुडवली की काय होतं, हे इथल्या कामगाराला माहीत आहे. पाच हजारांच्या मनसबदाराचीही गत तीच होती. चौकीला आलेल्या उमरावाने अंथरूण स्वतःचं आणायचं, जेवण मात्र बादशहाकडून येई. ते आलं की शाही महालाच्या दिशेला तोंड करून तीनदा तसलीम करायची आणि मगच घास घ्यायचा.

कुर्निसात आणि तसलीम यांत फरक होता. कुर्निसातात उजव्या हाताचा तळवा कपाळाला लावून मान झुकवायची. तसलीमेत त्याच हाताची पाठ जमिनीला टेकवायची, सावकाश उठायचं आणि तळवा डोक्यावर ठेवायचा. दरबारात बसायची सोय नव्हती. हात बांधून, नजर खाली ठेवून उभं राहायचं. आणि कुठे उभं राहायचं हे मनसबीने ठरलेलं. कोणावर मर्जी आहे आणि कोणावरची उतरली, हे रांगेकडे पाहून कळत असे.

म्हणूनच १२ मे १६६६ची आग्र्याची गोष्ट एकट्या मानी स्वभावाची म्हणून वाचणं मला अपुरं वाटतं. शिवाजी महाराजांनी १,००० मोहरा आणि २,००० रुपये नजर केले, ५,००० रुपये निसार म्हणून ओवाळले. बादशहा अवाक्षर बोलला नाही. त्यांना मागच्या रांगेत उभं केलं गेलं, पुढे मोगल सरदार जसवंतसिंगाची पाठ. खिलती, म्हणजे मानाची वस्त्रं, वाटल्या गेल्या, यांना नाही. दरबारात मुरलेला माणूस जे वाचतो तेच महाराजांनी क्षणात वाचलं : आपली किंमत सर्वांसमक्ष लावली गेली आहे. ते पाठ फिरवून निघाले आणि बाजूला जाऊन बसले. भर दरबारात पाठ दाखवणं आणि बसणं, हे दोन्ही शिरस्ते एकदम मोडले गेले.

तेवीस वर्षांनी बहादूरगडावर संभाजी महाराजांना कैद करून आणलं. औरंगजेब तख्तावरून उतरला आणि गालिच्यावर गुडघे टेकून त्याने ईश्वराचे आभार मानले, असं मोगल इतिहासकार खाफीखान सांगतो. सरदारांनी तसलीम करण्याचा आग्रह धरला, महाराजांनी मान लववली नाही. ११ मार्चला त्यांची हत्या झाली. त्यांची समाधी शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकला आहे.

हजेरी आणि तसलीमेचा एवढा खटाटोप कशासाठी, याचं उत्तर चीनशी तुलना केली की सापडतं. चिनी अधिकारी परीक्षा देऊन आलेला, हाताशी फौज नसलेला. मोगल मनसबदार स्वतःची घोडदळं बाळगणारा. जो दिवसातून दोनदा डोळ्यांसमोर हात बांधून उभा राहतो, त्याला दुसरीकडे फितुरी करायला सवड मिळत नाही. माझ्या मते कुर्निसातापेक्षा ही हजेरीच मोगल दरबाराची खरी ताकद होती. दख्खनच्या पंचवीस वर्षांच्या मोहिमेत तीच खिळखिळी झाली, कारण सरदार वर्षानुवर्षं किल्ल्यांच्या वेढ्यांत अडकले आणि बादशहाच्या नजरेआड गेले.

स्वतः औरंगजेबाने मात्र हजेरी चुकवली नाही. १६९५मध्ये कृष्णाकाठच्या गलगल्याच्या तळावर इटालियन प्रवासी कारेरी त्याला भेटला. पांढऱ्या वस्त्रांतला, काठीला टेकलेला सत्तरी ओलांडलेला बादशहा चष्म्याशिवाय अर्ज वाचत होता आणि त्यांवर आपल्या हाताने शेरे लिहीत होता, असं त्याने नोंदवलं आहे.

पेडगावला गेलात तर किल्ल्यातलं लक्ष्मीनारायणाचं मंदिर चुकवू नका. ते औरंगजेबाच्या तळाच्या कितीतरी आधीचं आहे. पुढच्या लेखांकात शनिवारवाड्यातल्या हुजूर दफ्तरात जाऊ.