जोडणीचा पत्ता आणि किल्ली

पाटोदा नावाची गावे महाराष्ट्रात एकाहून अधिक आहेत. आपले पाटोदा बीड जिल्ह्यातील. एक छत्रपती संभाजीनगरजवळ, एक येवले तालुक्यात. पाकिटावर नुसते ‘पाटोदा’ लिहिले तर पत्र कोठे जाईल याचा भरवसा नाही. जिल्हा आणि ४१४२०४ हा पिनकोड लिहिला म्हणजे ते बिनचूक आपल्याकडे येते.

संगणकाच्या आज्ञावलीचेही असेच आहे. नोंदींचे कोठार, म्हणजे डेटाबेस, बहुधा दुसऱ्याच यंत्रावर असते. तेथे पोचण्यासाठी जी एक ओळ लागते तिला कनेक्शन स्ट्रिंग म्हणतात. तीत डेटाबेसचा प्रकार, यंत्राचे नाव, दाराचा क्रमांक म्हणजे पोर्ट, डेटाबेसचे नाव, वापरणाऱ्याचे नाव आणि परवलीचा शब्द एवढ्या गोष्टी येतात. पोस्टग्रेसचे रूढ दार ५४३२, मायएसक्यूएलचे ३३०६.

ही ओळ आज्ञावलीतच लिहून टाकणे सोपे खरे. पण त्यात दोन धोके आहेत.

पहिला धोका चुकीच्या पत्त्याचा. समजा, जमिनीचे फेरफार नोंदविणारी एक आज्ञावली आहे. तिच्या चाचणीसाठी सरावाचा डेटाबेस असतो आणि खऱ्या नोंदींचा वेगळा. सरावाचा पत्ता चुकून तसाच राहिला तर आज्ञावली तक्रार करीत नाही. ‘नोंद झाली’ असेच सांगते. महिन्याने शेतकरी पीककर्जासाठी सातबारा काढतो, तेव्हा त्याचे नाव त्यावर नसते! पत्ता मुळीच नसता तर काम तेथेच अडले असते व चूक त्याच दिवशी कळली असती.

दुसरा धोका किल्लीचा. आज्ञावलीच्या प्रती अनेकांच्या हाती जातात. गिटसारख्या व्यवस्थेत जुन्या प्रतीही टिकतात. म्हणून परवलीचा शब्द मागाहून खोडून भागत नाही, तो बदलावाच लागतो. २०१६ साली उबर कंपनीच्या आज्ञावलींच्या साठ्यात चोरांना अशाच किल्ल्या सापडल्या आणि सुमारे ५ कोटी ७० लाख लोकांची माहिती त्यांच्या हाती गेली.

उपाय साधा आहे. पत्ता व किल्ली आज्ञावलीबाहेर, त्या त्या यंत्राच्या एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबलमध्ये किंवा गुप्त नोंदींच्या स्वतंत्र पेटीत ठेवावी. पत्ता सापडला नाही तर आज्ञावलीने सुरूच होऊ नये. मनाने दुसरा पत्ता धरू नये. ज्या आज्ञावलीला सातबारा फक्त दाखवायचा आहे, तिला वाचण्यापुरतीच किल्ली द्यावी. आणखी एक बारकावा: ही ओळ संकेतस्थळाच्या पत्त्यासारखी लिहिली असेल आणि परवलीच्या शब्दात ‘@’ असेल, तर त्याजागी ‘%४०’ लिहावे, पण त्यातील ४० इंग्रजी अंकांत, नाहीतर पुढचा मजकूर यंत्राचे नाव समजला जाण्याचा संभव असतो.

हेरोकू कंपनीच्या अभियंत्यांनी २०११ च्या सुमारास मांडलेल्या बारा सूत्रांत याची एक कसोटी दिली आहे. तुमची आज्ञावली या क्षणी चव्हाट्यावर मांडली, तर एखादी किल्ली उघडी पडेल काय? ‘नाही’ असे निःशंकपणे सांगता आले, म्हणजे कोठार सुरक्षित आहे असे नव्हे. पण निदान किल्ली दारालाच टांगलेली नाही, एवढे आम्ही म्हणू.